धारेच्या दगडाला शेंदूर

लग्नकार्यात जेवणं आटोपली, सतरंज्या पडल्या, की आमच्याकडचं कोणीतरी हमखास म्हणतं, "काकू, त्या दगडाची गोष्ट सांगा ना." मी आधी नको नको म्हणते, मग पदर सावरून बसते आणि सांगते. पुतण्याचं म्हणणं असं, की काकूच्या गोष्टीत दर वर्षी एक नवा माणूस शिरतो, तेव्हा काकूनं ती एकदा लिहून टाकावी, म्हणजे ही भरती थांबेल. म्हणून लिहिते आहे. इथे जेवढी माणसं खरोखर होती तेवढीच ठेवली आहेत.

माझं लग्न झालं तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. आमचे हे दातांचे डॉक्टर. माझ्या वडिलांनी सोयऱ्यांना सांगताना 'दातांचे' हा शब्द इतका गिळला होता, की मांडवात दोघातिघांनी ह्यांच्यापुढे नाडी बघायला मनगट धरलं. ह्यांनीही बिचाऱ्यांनी ती पाहिली.

चांद्यात तेव्हा दात दुखला की माणूस बाजारात जायचा. तिथे दात काढणारा कापडावर उपटलेल्या दातांची रास मांडून बसलेला असे. रास जेवढी मोठी, तेवढा त्याचा लौकिक. आमच्या दवाखान्यात असं मांडून दाखवण्यासारखं काही नव्हतं. ह्यांचा सगळा भर दात ठेवण्यावर. दातांवर साचलेलं किटण खरवडून काढलं, हिरड्या साफ ठेवल्या, तर दात टिकतात, हे ते येणाऱ्याला कळकळीनं सांगायचे. येणारा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "साफ कराले त कडूनिंबाची काडी हाय ना, साहेब."

खरवडायची हत्यारं मुंबईहून आली होती. खाकी कापडाची एक लांब घडी, तिला शिवलेले कप्पे, आणि एकेका कप्प्यात एकेक हत्यार. मी पहिल्यांदा ती घडी उलगडली तेव्हा मला वाटलं, ही तर बाहुल्यांची शेती. एकाचं टोक विळ्यासारखं, एकाचं इवल्याशा कुदळीसारखं, आणि एक कानकोरण्याच्या धाकट्या बहिणीसारखं. पोलाद त्या काळचं. उकळायचं, पुसायचं, कोरडं ठेवायचं, तरी पावसाळ्यात डोळा चुकवून गंजायचं. आणि उकळून उकळून, वापरून वापरून धार जायची ती वेगळीच.

धार लावायचं काम माझ्याकडे आलं ते तांदळामुळे. ह्यांना जवळचं कमी दिसे. चष्मा होता, पण तो बहुतेक वेळ कपाळावर असे आणि हे घरभर त्याला शोधत असत. एकदा मी सुपात तांदूळ निवडत होते, हे समोर बसून पाहत होते. म्हणाले, "अवं, तुले एवढा बारीक खडा दिसते?" मी फुशारकीनं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात सुपाऐवजी धारेचा दगड आला. फुशारकी मारण्याआधी समोरच्याचा धंदा काय आहे ते पाहावं, एवढं तेव्हा मला कळलं.

दगड परदेशी होता, पांढुरका, साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा, इतका गुळगुळीत की गालाला लावावा. ह्यांनी शिकत असताना घेतलेला. त्यावर तेलाचा एक थेंब टाकायचा. हत्यार डाव्या मुठीत घट्ट धरून कोपर टेबलाला टेकवायचं आणि उजव्या हातातला दगड पात्याच्या बाजूला जरासा तिरपा लावून वरखाली करायचा. हलतो तो दगड. हत्यार जागचं हलत नाही. शेवटचा हात खालीच यायला हवा, नाहीतर धारेवर एक न दिसणारं कुसळ राहतं आणि ते हिरडीत टोचतं. आणि धार आली की नाही हे बघायला पातं उजेडात धरायचं. बोथट कडेवर उजेडाची बारीक पांढरी रेघ चमकते. धार आली की ती रेघ विझते. म्हणजे चमक दिसली तर काम बाकी, चमक गेली तर काम झालं. लहानपणापासून राखेनं भांडी चमकवायला शिकलेल्या मुलीला हे पचायला जड गेलं.

मग पातं अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायचं. धारदार असेल तर ते नखाला धरतं, बोथट असेल तर घसरतं. पहिल्या वर्षी माझ्या अंगठ्याचं नख उंदरानं कुरतडल्यासारखं दिसे. एक विळा तर मी इतक्या उत्साहानं घासला की शेवटी त्याची पिन झाली. ह्यांनी ती काहीही न बोलता स्टोव्हच्या डब्यात नेऊन ठेवली. बोलले असते तर मी चार दिवसांत विसरले असते.

पण हळूहळू जमलं. आणि धारेचं महत्त्वही कळलं. बोथट हत्यार किटण काढत नाही, त्यावरून घसरतं, आणि घसरून घसरून त्याला असं घोटून काढतं की मग ते चांगल्या हत्यारालाही दाद देत नाही. वर डॉक्टर जोर लावतो आणि रोगी खुर्चीचे हात उपटायला निघतो.

हे सगळं सुरळीत चाललं असताना दुसऱ्या वर्षी दसऱ्याला सासूबाई आल्या. सासरे धानाच्या राखणीला गावीच थांबले. त्यांच्याकडे खांडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊनपुसून ओळीनं मांडत, पूजा करत, आणि त्या दिवशी हत्याराला काम सांगत नसत. आमच्या दोन खोल्यांत नांगर कुठला. सासूबाईंनी सकाळीच विचारलं, "इथी मांडता काय मंग?"

मी खाकी घडी आणून दिली आणि पुरण शिजत होतं तिकडे वळले. हे एका वकिलांच्या आईची दाढ पाहायला त्यांच्या घरी गेले होते. सासूबाईंनी एकेक हत्यार पाटावर मांडलं. घडीच्या शेवटच्या कप्प्यात दगड होता.

"हे काय वं, साबण?"

"नाही मामी, धारेचा दगड आहे." सासूबाईंना मी मामी म्हणत असे.

"दगड होय," त्या म्हणाल्या.

मी पुरणात गूळ घालून बाहेर आले तोवर सगळं झालं होतं. हत्यारांना कुंकवाची बोटं, आणि दगडाला तेलात कालवलेला शेंदूर. नुसता टिळा नाही. एका अंगाला काठापासून काठापर्यंत, दाट, लालभडक. त्यांचा हिशोब सरळ होता. लोखंडाला कुंकू लावतात, दगडाला शेंदूर. आमच्या भागात बांधावर, नदीकाठी, मोहाच्या झाडाखाली असे शेंदराचे दगड जागोजागी दिसतात. कोणी लावला, कधी लावला, हे कोणी विचारत नाही. शेंदूर आहे म्हणजे देव आहे. येणारा जाणारा हात जोडून पुढे जातो.

हे परत आले, पाटासमोर उभे राहिले, आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून पुन्हा पाहिलं.

"माय, हा धार लावाचा दगड होय."

"होता," सासूबाई म्हणाल्या.

दसऱ्याच्या दिवशी हत्यारं पाटावरून उठली, पुसली गेली, घडीत परतली. दगड उठला तो देवघरात गेला आणि बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध बसला. त्याला रोज फूल मिळू लागलं. शिवाय सासूबाईंनी त्याच्यापुढे मागणं घातलं, की माझ्या लेकाचा दवाखाना चालू दे. आणि चालला की हो. सणाचं गोडधोड खाऊन ज्यांच्या किडक्या दाढा जाग्या झाल्या ते सगळे चार दिवसांत आमच्या ओसरीवर. हे आईला सांगायला गेले की हा पुरणाचा प्रताप आहे. आईनं देवघराकडे बोट दाखवलं आणि विषय मिटला. मुंबईला नवा दगड मागवला, पण तो दिवाळीनंतर येईल असं कळलं. तोवर जुन्या धारेवर भागेल, असं आम्ही धरून चाललो.

तेवढ्यात राणी आली.

राणी म्हणजे तिशीचा, उंच, सडसडीत पुरुष. गडचिरोलीच्याही पलीकडचा, धानाची शेती करणारा. मिशा नव्हत्या आणि फेट्याखाली केसांचा अंबाडा होता, कारण दिवाळीनंतर त्यांच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईतल्या दंडारीच्या खेळात तो राणी होई. दंडारीत बायांची सोंगं पुरुषच घेतात, नाचतात, गातात. सोबत त्याच्या दंडारीतला राजा होता. राजा रुंद, बुटका आणि मोठ्या आवाजाचा. डोंग्यानं वैनगंगा ओलांडून, मूल गावी छोटी आगगाडी धरून दोघं आले होते. बोलायचं काम राजा करत होता, कारण राणी तोंडावर पंचा धरून बसली होती.

"साहेब, याचे खालचे समोरचे दात हालून राह्यले," राजा म्हणाला. "बाजारातला दातवाला म्हणते, सारे काढा लागते."

"मंग काढले काऊन नाई?" ह्यांनी विचारलं.

"दात गेले त गाण्यातून वारा जाईन ना, साहेब. अन् तोंड बसलं त राणी माह्याहून म्हतारी दिसन. मंग पाटलाचा भाचा टपूनच हाय. त्याले राणी कराले आमच्या गावचे लोक एका पायावर तयार हायेत."

राणीनं पंचा काढला. "तो नाचते कसा, तेही सांग ना," ती म्हणाली. "बैल बुजल्यावानी."

ह्यांनी तोंड उघडायला लावलं. मी उजेडासाठी आरसा धरला होता, म्हणून मलाही दिसलं. गुडाखू, म्हणजे गूळ-तंबाखूची काळी लुबदी, बरीच वर्षं दातांना घासून घासून, खालच्या दातांच्या मागे काळ्या-पिवळ्या किटणाची एक अखंड पाळच बांधली गेली होती. हिरड्या सुजलेल्या. बोट लावलं की रक्त यायचं आणि दात हलायचे.

"काढले त दुसरे बसवता येते काय?" राजानं विचारलं.

"कवळी बसवता येते."

"नाचता नाचता पडली त?" राणीनं विचारलं. "राणीचे दात राजानं उचलून द्याचे काय?"

ह्यांनी एकेक दात बोटानं हलवून पाहिला. मग म्हणाले, "काढाले वेळ लागत नाई. पण काढलेला दात मले परत लावता येत नाई. हे किटण पुरं काढलं, अन् तुम्ही गुडाखू सोडली, त हिरड्या पुन्हा धरतीन असं मले वाटते. वाटते म्हणतो, वचन देत नाई."

"मंडईपर्यंत?"

"पाहू."

लगेच बसवलं. आणि तिथेच आमची अब्रू गेली. विळा लावला की घसरे, कुदळ लावली की घसरे. किटणाचा एक कण निघेना. हे जोर लावत होते, राणीच्या कपाळावर घाम, राजा खुर्चीमागे उभा राहून स्वतःच्याच जबड्याला हात लावत होता. थोड्या वेळानं ह्यांनी हत्यार खाली ठेवलं. ती पाळ नदीतल्या गोट्यासारखी चकाकत होती.

"आज नाई होत. हत्याराले धार नाई. जबरदस्ती केली त हिरडी फाटन."

"मंग लावा ना धार," राजा म्हणाला. "आम्ही बसतो इथीच."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धारेचा दगड देव झाला आहे हे परक्या माणसाला कसं सांगायचं, हे वैद्यकीच्या शिक्षणात नव्हतं. हे म्हणाले, दोन दिवसांनी या. ते दोघं देवळाच्या धर्मशाळेत उतरले. गावी त्यांचं धान पिकायला आलं होतं आणि पाखरं राखायला बायकापोरंच होती, म्हणून दिवसातून तीनदा येऊन विचारत, झाली काय धार.

मी काय काय करून पाहिलं ते आठवून आजही हसू येतं. न्हाव्याचा दगड मागून आणला, तो वस्तऱ्यांनी मधोमध असा खोलगट झाला होता की त्यात वरण वाढता आलं असतं. सुताराचा दगड इतका भरड, की आमच्या कुदळीची त्यानं एका दमात सुई केली असती. कोणीतरी म्हणालं, चिनीमातीच्या बरणीच्या बुडाची खरखरीत कड धारेला चांगली. मी लिंबाच्या लोणच्याची बरणी रिकामी केली, पालथी घातली, घासू लागले. धार आली नाही. हत्याराला लोणच्याचा वास मात्र आला, आणि त्या वर्षीचं लोणचं परातीत उघडं राहून गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं ओसरीवर येऊन बसले. सासूबाईंनी चहा आणि पोहे दिले. राणी पोहे चहात भिजवून मऊ करून खाऊ लागली. ते पाहून सासूबाई दाराशी बसल्या.

"कोणत्या गावचा तू, बापा?"

त्यानं गाव सांगितलं. दंडारीत राणी होतो म्हणाला. सासूबाई पुढे सरकल्या. "माह्या माहेरच्या मंडईले आलते ना तुम्ही? हिरव्या लुगड्यातली राणी, वनात जाते तवा रडते?"

"मीच तो, माय."

सासूबाई त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. "मी त तुह्या नथीवर भाळली होती. म्हटलं, बाई भेटली त विचारीन, कोण्या सोनाराची हाय."

"पितळेची हाय, माय."

"रड ना मंग जरा. ते वनातलं म्हण."

त्यानं मान हलवली. पंचा तोंडाला लावून म्हणाला, "गातो तवा जिभेनं दात धरून ठेवा लागते, माय. दोन कामं एका जिभेनं नाई होत."

सासूबाई कपबश्या उचलून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "काऊन नाई साफ करून देत तो? एवढा शिकला ना?"

मी सांगितलं. हत्याराला धार नाही, धारेला दगड नाही, दगड कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. एवढं बोलून मी चटकन भांडी घासायला बसले, कारण सासूला तोंडावर उत्तर देऊन मग तिथेच उभं राहण्याइतकी मी शूर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची पूजा नेहमीपेक्षा लांबली. मग त्यांनी आम्हा दोघांना हाक मारली. देव त्यांच्या हातात होता, धुतलेल्या कापडावर.

"शेंदूर इकडूनच हाय," त्या म्हणाल्या आणि कापडासकट देव उलटा केला. मागची बाजू पहिल्यासारखी पांढुरकी होती. "पुढून देव. पाठ तुमची. देवाले मी विचारलं. नाई म्हणून काही बोलला नाई."

मग अटी आल्या. डोकं धुऊन आंघोळ करायची, धुतलेलं नेसायचं, तोंडात पाण्याचा थेंब जायच्या आत काम करायचं, दुपारच्या नैवेद्याच्या आत देव परत जागेवर. आणि त्याला दगड म्हणायचं नाही.

हे म्हणाले, "माय, पाठीवर शेंदराचे शिंतोडे हायेत, ते तोंडात नाई गेले पायजे. घासलेटनं पुसा लागन."

"देवाले घासलेट?"

"पाठीले."

सासूबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. ह्यांनी पाठ पुसली, दोनदा, तीनदा, कापडाला लाली येईनाशी होईपर्यंत.

मी ओले केस पाठीवर सोडून, उपाशी, खिडकीजवळ बसले. डाव्या मुठीत विळा, उजव्या हातात देव. एक थेंब तेल. वर, खाली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "देवाले काऊन हालवते?"

"अशीच रीत आहे, मामी. हत्यार स्थिर धरायचं."

"देव बसला राह्यते. हालाचं त आपण."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे चष्मा पुसत होते. घरातल्या माणसाला नेमका कधी चष्मा पुसायचा असतो, हे बायकोला फार लवकर कळतं.

तेव्हा देव पाटावर बसला, पालथा, आणि मी सगळं उलटं शिकायला लागले. आता हात हलायचा आणि धारेची तिरपी बाजू हातानंच सांभाळायची. दोन वर्षं जे हत्यार डाव्या मुठीत गप्प बसलं होतं, ते उजव्या हातात घ्यायचं आणि फिरायला शिकलेल्या त्या हाताला नवी वाट दाखवायची. पहिले काही हात गेले ते अंदाजानंच. उजेडात धरलं तर रेघ अधूनमधून चमके. म्हणजे कुठे धार आहे, कुठे नाही, करवतीसारखी. सासूबाई शेजारी जपमाळ घेऊन बसल्या होत्या, पण माळ थांबली होती. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे. बाहेर ओसरीवर राजाचा आवाज, "झाली काय, साहेब?" आणि ह्यांचा, "होऊन राह्यली."

मनगट फिरवायचं नाही, खांद्यातून अख्खा दंड मागे ओढायचा, हे मला केव्हातरी सापडलं. शेणानं सारवताना बोटं स्थिर राहतात आणि हात सरकतो, तसं. तेव्हा रेघ एका टोकाकडून विझत आली. पुन्हा उजेडात धरलं. रेघ नाही. नखाला लावलं, आणि त्यानं धरलं. इतकं धरलं की माझ्या तोंडून 'आई गं' निघालं, आणि सासूबाईंनी ते देवाचं नाव समजून हात जोडले. विळा झाला, कुदळ झाली, कानकोरण्याची बहीण सगळ्यात हट्टी, तिला गोलाईनं ओढावं लागलं, तीही झाली. देव नैवेद्याच्या आधी जागेवर बसला. मी सगळ्यांच्या आधी जेवायला बसले, त्या घरात पहिल्यांदाच, आणि कोणी काही म्हणालं नाही.

त्याच दुपारी राणी खुर्चीत बसली. ह्यांनी विळा पाळीच्या खालच्या काठाला, हिरडीशी टेकवला आणि ओढला. कट् असा आवाज झाला आणि एक तुकडा तामचिनीच्या भांड्यात पडला. मी आरसा आणखी जवळ नेला. मग दुसरा. घोटून गुळगुळीत झालेली वरची बाजू दाद देत नव्हती, पण बुडापासून धार लागल्यावर पाळ सगळीच फुटून निघाली. दोन बैठका लागल्या, मधे एक दिवस विश्रांती. राजा सगळे तुकडे पळसाच्या पानात गोळा करत होता.

शेवटी चूळ भरून राणीनं जीभ फिरवली, आणि तिचा चेहरा उतरला. इतकी वर्षं जिथे भिंत होती तिथे आता फटी होत्या. तिनं बोट लावलं.

"डाक्टर साहेब, हे त पहिल्यापेक्षा जास्त हालून राह्यले."

राजानं पान उघडून तुकडे पुढे केले. "साहेब, तुम्ही भिताडाची माती काढून घेतली. आता भीत पडन."

"माती नाई ते," हे म्हणाले. "वाळवी होय. वाळवीचं घर फोडलं की भीत पोकळ दिसतेच. आता हिरडीले भरून याले वेळ द्या."

"अन् नाई भरलं त?"

हे खरं बोलणारे, हीच त्यांच्या धंद्याची अडचण. "त मंग जातीन," ते म्हणाले.

मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा, मऊ खाणं, हिरड्यांवरून रोज बोटानं हलकी मालिश, आणि गुडाखू बंद. एवढं ऐकून दोघं गेले. जाताना राणी पंचा तोंडावर धरूनच गेली. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनाही ती बोलली नाही.

दिवाळी आली. मी करंज्या तळत होते आणि मनात ते दात हलत होते. मला वाटे, उलट्या रीतीनं लावलेली धार जास्तच झाली असेल, किटणाबरोबर दाताचाही पापुद्रा गेला असेल. एकदा न राहवून ह्यांना विचारलं.

"दात कापला असता त त्यानं खुर्चीतून उठून आधी मले कापलं असतं," ते म्हणाले. पण करंजी त्यांनीही अर्धीच खाल्ली.

भाऊबीजेनंतर सासूबाईंच्या माहेरी मंडई होती आणि राजा-राणीची दंडारही तिथे येणार होती. आम्ही सगळे बैलबंडीनं गेलो. भर दुपारची दंडार, शेताच्या मोकळ्या जागेत, भोवती माणसंच माणसं. सासूबाईंच्या माहेरचे म्हणून आम्हाला पुढे बसवलं. राजा आला, ओरडला, लोक हसले. मग हिरव्या लुगड्यात राणी आली, नाकात पितळेची नथ.

मला गोष्ट काय चालली आहे ते आजही सांगता यायचं नाही. मी फक्त तिचं तोंड पाहत होते. हे चष्मा डोळ्यांवर घालून पुढे झुकले होते, जणू इतक्या लांबून तपासणार आहेत. ती गायला लागली. वनात जायचं गाणं. शब्द सगळे स्वच्छ येत होते, कुठे वारा गेला नाही, आणि जीभ दात धरून बसली आहे असं काही वाटलं नाही. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, सुटलो.

आणि राजानं तिचा पदर धरला. राणी रुसून चालली आहे आणि राजा तिला अडवतो आहे, असं काहीतरी होतं. राणीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान वळवली, आणि पदराचा काठ समोरच्या दातांत पकडला. राजानं ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं पुन्हा ओढला, पाय रोवून, बैल ओढतात तसा. राणी मागे झुकली, पण दात सोडेनात.

"अरे, काऊन ओढून राह्यला बे तो," हे उभे राहून म्हणाले. मागच्या माणसानं त्यांचा सदरा धरून खाली बसवलं. "दिसत नाई, भाऊ, बसा."

मी डोळे मिटून घेतले. टाळ्या वाढल्या, मग मोठा हशा झाला. उघडले तर राजा पाठीवर पडला होता, त्याच्या हातात पदराचं एक फाटकं टोक, आणि उरलेला पदर अजून राणीच्या दातांत.

खेळ संपताच हे गर्दीतून वाट काढत तिच्याकडे गेले, मागून मी, मागून सासूबाई. राणी घामानं भिजलेली, रंग ओघळलेला. काही बोलायच्या आत ह्यांनी तिला तोंड उघडायला लावलं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक दात धरला आणि हलवून पाहिला. मग दुसरा. मग तिसरा.

"धरले," ते म्हणाले. "या कडेचा जरासा हालते. बाकी धरले."

"तेच पाहाले त म्हटलं याले, ओढ," राणी म्हणाली. "घरी भाकरीवर पाह्यलं होतं. पण राजा म्हणे, लोकायसमोर होऊन जाऊ दे."

"अन् तुटले असते त?" सासूबाईंनी विचारलं.

"त याच्याच अंगावर पडले असते, माय."

ह्यांनी तिला तिथेच चांगलं खडसावलं, पुन्हा दातांनी काही ओढायचं नाही म्हणून. खडसावता खडसावता ते हसतही होते. मी तिथेच बंडीच्या चाकाला टेकून खाली बसले. आणि वर पाहते तर डॉक्टरानं राणीच्या तोंडात हात घातलेला पाहून एक म्हातारा पुढे आला होता, तोंड उघडून. त्याच्या मागे एक बाई, तिच्या मागे आणखी कोणी. सगळ्यांनी आपापली तोंडं उघडी ठेवली होती आणि हे एकेकाचा दात हलवून सांगत होते, धरला आहे, धरला आहे, हा नाही.